दूरशिक्षणानं प्रशिक्षक व्हायचंय, पण अभ्यास मैदानापर्यंत पोचत नाही, काय करावं?

प्रश्न असा आला आहे. अंबड तालुक्यातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवणारे, स्वतः अनेक वर्षं खो-खो खेळलेले एक सर विचारतात: "क्रीडा प्रशिक्षकांच्या एक वर्षाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन चार महिने झाले. पुस्तकं इंग्रजीत आहेत. व्हिडिओ रात्री अकरानंतर बघतो. शंका विचारायला जवळपास कुणी नाही. पहिली असाइनमेंट 'पुस्तकातलं उतरवलं आहे, स्वतःचं लिहा' असा शेरा मारून परत आली. घरचे म्हणतात, कागदासाठी पैसे घातले. असं घरी बसून प्रशिक्षक होता येतं का? की सोडून देऊ?"

सर, सोडू नका. रोज वीस-पंचवीस पोरं तुमच्यासमोर मैदानात उभी राहतात. दूरशिक्षण घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे याहून मोठं भांडवल नसतं. अडलंय एवढंच, की तुमचा अभ्यास रात्री अकराला मोबाइलवर होतो, सराव दुसऱ्या दिवशी मैदानावर होतो आणि या दोघांची गाठच पडत नाही. ती कशी घालायची ते मला जमतं तसं सांगते.

मी धाराशिव जिल्ह्यात २२ वर्षं मुलींना खो-खो शिकवते. असाच एक वर्षाचा अभ्यासक्रम मी नोकरी आणि तान्हं मूल सांभाळून केला. आता काही वर्षांपासून अशा असाइनमेंट तपासते, संपर्कसत्रं, म्हणजे दूरशिक्षणातले समोरासमोरचे वर्ग, घेते. तुमच्या वहीवर आला तो शेरा मी स्वतः कितीतरी जणांच्या वहीवर लिहिलाय. तो लिहिताना माझ्या मनात असतं ते असं: या कागदावर मला पुस्तक दिसलं, तुमची पोरं दिसली नाहीत.

'वॉर्मअपचं महत्त्व लिहा' हा प्रश्न दरवर्षी असतो. शंभरातले नव्वद जण लिहितात की शरीराचं तापमान वाढतं, स्नायूंचा रक्तपुरवठा सुधारतो, दुखापतीची शक्यता कमी होते. सगळं बरोबर. पण एकदा हिंगोलीकडच्या एका सरांनी लिहिलं होतं: "माझ्या मुली सकाळी साडेसहाला येतात. डिसेंबरात मैदानावर दव असतं आणि निम्म्या मुली अनवाणी. म्हणून मी पहिली पाच मिनिटं त्यांना शाळेच्या व्हरांड्यात जागेवर पळवतो, पाय गरम झाले की मगच मैदानात उतरवतो. दोन मुली तीन किलोमीटर चालत येतात, त्यांना वेगळा वॉर्मअप लागत नाही, त्यांना आधी पाणी लागतं." या कागदावर मला काही शेरा लिहावा लागला नाही. सरांचं शुद्धलेखन कच्चं होतं, पण वॉर्मअप त्यांना कळला होता.

तुम्हालाही तसंच लिहिता येईल, त्यासाठी एक वही लागेल. साधी दोनशे पानी. डावं पान सरावाच्या आधी भरायचं: आज काय घेणार, किती वेळ, कशासाठी. उजवं पान सरावानंतर, घरी जायच्या आधी, मैदानाच्या कडेला बसूनच भरायचं: प्रत्यक्षात काय झालं. घरी गेल्यावर लिहीन म्हटलं की राहतंच. माझ्या पहिल्या महिन्याच्या पानांवर 'सराव चांगला झाला', 'मुली दमल्या' एवढंच आहे. ते लिहून काही कळत नाही. पुस्तक उपयोगाला आलं ते इथं.

ताणाच्या प्रकरणात एक सोपी पद्धत होती. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं प्रत्येक खेळाडूला विचारायचं, आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला? तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. ६० मिनिटांचा सराव आणि मुलगी म्हणाली ५, तर ताण ३००. मी दुसऱ्याच दिवशी करून बघितलं. माझ्या अंदाजानं तो ४-५ चा सराव होता, आणि बहुतेकींनी तेवढंच सांगितलंही. एक मुलगी मात्र ८ म्हणाली. चौदा वर्षांची, संघातली सगळ्यात चपळ पळती. मला वाटलं कंटाळा करतेय. तीन दिवस सलग ८ आल्यावर तिला बाजूला घेऊन विचारलं. उन्हाळा होता, घरी पाणी नव्हतं. सरावाला यायच्या आधी ती विहिरीवरून सहा खेपा करून यायची. "मॅडम, तुमचं पळणं जड नाही वो, आधीच पाय भरून येतेत."

मी दिलेला ताण ५ चा होता, तिच्या अंगावर पडलेला ८ चा. 'बाह्य ताण' आणि 'अंतर्गत ताण' या दोन शब्दांवर मी आधी तीन वेळा फुली मारली होती, समजले नाहीत म्हणून. त्या दिवसानंतर ते मी कधी विसरले नाही. तिचा सराव अर्ध्यावर आणला आणि रक्त तपासायला पाठवलं. किशोरवयीन मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. तिचं बरंच खाली होतं. शाळेत येणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिच्या दप्तरात तशाच पडून होत्या.

आता वर्षाच्या नियोजनाविषयी, कारण तुमची पुढची असाइनमेंट बहुधा तीच असणार आणि तुमच्या भागात पुस्तक सगळ्यात जास्त तिथंच अडतं. मातवेयेव या सोव्हिएत अभ्यासकानं प्रशिक्षणाच्या वर्षाचे तयारी, स्पर्धा आणि संक्रमण असे कालखंड पाडले. पुस्तकात त्याचा सुंदर तक्ता असतो. विद्यार्थी तो तक्ता उतरवतात, 'जानेवारी ते एप्रिल: सर्वसाधारण तयारी' असं लिहितात आणि मोकळे होतात.

पण सर, तुमच्या आणि माझ्या तालुक्यात जानेवारीत निम्मा संघ कुठं असतो? दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. पोरं आई-बापाबरोबर कारखान्यावर जातात. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. जी जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. त्या पाच-सहा महिन्यांत ती विश्रांती घेत नसतात. पहाटे उठून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणं, लहान भावंडं सांभाळणं, मोळ्या उचलणं चालू असतं. पुस्तकातला संक्रमण काळ म्हणजे हलकी हालचाल आणि मन ताजं करणं. आपल्या पोरांचा तो काळ वर्षातला सगळ्यात जड काळ असतो. परत येतात तेव्हा वजन घटलेलं, खांदे आखडलेले, आणि नेमका पारा चाळिशी गाठत असतो.

म्हणून मी माझा तक्ता पाडव्यापासून सुरू केला. पहिले चार आठवडे फक्त भरून काढणं: खाणं, झोप, सकाळी सहा ते सात एवढाच हलका सराव, लवचिकता, खेळकर पळापळ. मे महिन्यात ताण थोडा वाढवला, पण ऊन तापायच्या आत मैदान रिकामं. जून-जुलै हा पायाभरणीचा काळ. पावसानं काळ्या मातीचं मैदान चिखल झालं की शाळेच्या पत्र्याखाली उड्या, तोल आणि पायांची ताकद. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकामागून एक येतात, तो आमचा स्पर्धाकाळ. त्यानंतर ज्या मुली तोडीला जाणार त्यांच्या हातात एक कागद: रोज दहा मिनिटांचे पाच व्यायाम, चित्रं काढून. राहणाऱ्या मुलींसाठी वेगळं नियोजन. एका संघाचे दोन तक्ते झाले. हे बरोबर की चूक या धाकधुकीतच मी असाइनमेंट पाठवली. तपासणाऱ्या सरांचा फोन आला. त्यांनी अर्धा तास एकच विषय काढला, तोडीवरून आलेल्या मुलीला पूर्ववत व्हायला किती आठवडे लागतात? माझ्या वहीत ते होतं. काहींना पाच, काहींना आठ.

भाषेचं दुखणं खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. शब्दकोश घेऊन ओळ न ओळ मराठीत करत बसू नका, त्यात वर्ष निघून जाईल. प्रकरणातले दहा-बारा शब्द निवडा आणि ते मैदानावरच्या पोरांना कळतील अशा बोलीत सांगून बघा. मी 'रिकव्हरी' आणि 'सुपरकॉम्पेन्सेशन' शिकवायला वाफसा हा शब्द वापरते. पाऊस पडला की लगेच औत घालत नाहीत. ओल्या काळ्या रानात घातलं तर ढेकळं निघतात. फार थांबलं तर रान वाळून कडक होतं. मधे वाफसा येतो, तेव्हा घातलं की माती भुसभुशीत होते. शरीराचंही तसंच: ताण दिल्यावर ते आधी खाली जातं, विश्रांतीत सावरतं, आधीपेक्षा थोडं वर येतं आणि पुढचा ताण दिलाच नाही तर परत मूळ जागी जातं. पुढचा सराव त्या वरच्या टप्प्यावर पडला पाहिजे. शेतकऱ्याच्या पोरीला हे एका वाक्यात कळतं. आणि तुम्हाला ते असं सांगता आलं की परीक्षेत इंग्रजी शब्द आठवण्याची भीती राहत नाही. उत्तरं मराठीत लिहायला परवानगी आहे का, हे अभ्यासकेंद्राला लेखी विचारून घ्या; कित्येक जण न विचारताच इंग्रजीशी झगडत राहतात.

मोबाइल रात्री फक्त बघायला वापरताय. तो दिवसा मैदानावर आणा. माझ्या संघात एक मुलगी होती, आक्रमणात खांबाजवळ आली की तिचा गडी हमखास सुटायचा. मी कडेवरून ओरडायचे: "खांदा खाली! पाऊल लांब! हात आधी पोचव! नजर गड्यावर!" चार महिने ओरडले. मग अभ्यासक्रमात कौशल्य शिकण्याच्या टप्प्यांचा भाग आला. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेले तीन टप्पे: आधी डोक्यानं विचार करत करणं, मग चुका कमी होत जाणं, मग विचार न करता होणं. पहिल्या टप्प्यावरचा खेळाडू एका वेळी फार थोडं पेलू शकतो, आणि मी तिच्यावर एका श्वासात चार सूचना फेकत होते. दुसऱ्या दिवशी खांबाच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून संथ गतीत तिचं चित्रण केलं. दिसलं ते असं: खांबाआधीचं शेवटचं पाऊल ती आखडून टाकत होती. त्यामुळे धड ताठ राहायचं, हात खांबावर उशिरा पडायचा आणि सूर मारायला जागाच उरायची नाही. खांदा, हात, नजर, सगळ्या चुका त्या एका पावलातून येत होत्या. मी जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली आणि एवढंच म्हणाले, "शेवटचा पाय या रेघेवर." बाकी तोंड बंद. तीन आठवड्यांनी रेघ पुसली, पाऊल तिथंच पडत होतं.

गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं, हे इथं सांगितलंच पाहिजे. आपण खेळाडू म्हणून ज्यांच्या हाताखाली घडलो ते सतत ओरडणारे होते, म्हणून ओरडणं म्हणजे शिकवणं असं अंगात बसलेलं असतं. प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळाली तर मूल तुमच्या आवाजावर चालायला लागतं. सामन्यात ९ मिनिटांच्या डावात तुम्ही तिच्या कानात नसता. चार-पाच प्रयत्न होऊ द्यावेत, मग विचारावं, "तुला काय वाटलं?" ती जे सांगेल ते वहीत.

एकटेपणाविषयी. तुमच्या तुकडीत तुमच्याच जिल्ह्यातले दोघे-तिघे असणार, अभ्यासकेंद्राकडून त्यांच्या संमतीनं नंबर मिळवा. खेळ वेगळा असला तर उलट चांगलं. आमचा चौघांचा गट होता: मी खो-खोची, एक कुस्तीचे वस्ताद, एक कबड्डीवाले, एक धावण्याचे. महिन्यातून एकदा एसटीनं एकमेकांच्या मैदानावर जायचो. वस्तादांनी माझ्या मुलींचा सराव बघून विचारलं, "यांना पडायला कधी शिकवलं?" मी सूर शिकवत होते, पडणं शिकवलंच नव्हतं. त्यांनी लाल मातीत हनुवटी छातीला लावून खांद्यावरून लोळण घ्यायला शिकवलं, आणि त्या वर्षी मनगटाच्या दुखापती जवळपास थांबल्या. हे कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. तुम्हाला अंबडहून ते लांब नाही. आधी परवानगी मागून एक दिवस नुसतं बसून सराव बघा, कुठल्याही खेळाचा. प्रशिक्षक किती वेळा बोलतो, कुठं उभा राहतो, दमलेल्या पोराशी कसा वागतो, एवढंच टिपा.

दोन गोष्टी मात्र वाचून येत नाहीत, त्या हातानंच शिकाव्या लागतात. एक प्रथमोपचार: छाती दाबून हृदय चालू ठेवणं, मोडलेला हात बांधणं, उष्माघात ओळखणं. उन्हात मूल असंबद्ध बोलायला लागलं, लडखडलं, तर गाडी शोधत बसायचं नाही. आधी सावलीत घेऊन अंगावर मिळेल तेवढं थंड पाणी ओतायचं, वारा घालायचा, सोबत कुणालातरी गाडी बोलवायला पाठवायचं. मूल पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. संपर्कसत्रात हे पुतळ्यावर करून घेतात, ते सत्र काहीही झालं तरी चुकवू नका. दुसरी गोष्ट मुलांची सुरक्षितता. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि तो प्रशिक्षकालाही लागू आहे. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला थांबवायचं नाही, स्पर्धेला नेताना मुलींसोबत बाई असलीच पाहिजे, मसाज-बिसाज स्वतः करायचा नाही. पालकांना हे नियम आधीच सांगून ठेवले की ते पोरींना बिनधास्त पाठवतात. माझ्याकडे मुलींची संख्या वाढली ती याच कारणानं.

राहिला घरच्यांचा प्रश्न, कागदाचा. त्यांच्याशी खरं बोला. प्रशिक्षकाच्या सरकारी जागांच्या जाहिरातीत सहसा पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मागतात. १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा अभ्यासक्रम तिथं राहूनच करावा लागतो. शाळेत कायम क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते. तुमचा दूरशिक्षणाचा दाखला यातल्या कशाचीच जागा घेत नाही. आमच्या वेळी एका खाजगी संस्थेनं 'नोकरीची हमी' म्हणून फी घेतली आणि माझ्या ओळखीच्या पाच जणांचे पैसे बुडाले, त्यातल्या एकानं बैल विकला होता. त्यामुळे पुढच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी तुम्हाला हवी असलेली जाहिरात समोर ठेवा आणि त्यातला पात्रतेचा शब्द न शब्द जुळवून बघा. या वर्षातून तुम्हाला नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. पुढे पतियाळ्याला किंवा बी.पी.एड.ला जायचं ठरवलं तर पाया मात्र पक्का झालेला असेल.

आणि तुमच्या शाळेतल्या पोरांना ते पाऊल, तो ताण, ती विश्रांती आत्ता हवी आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटर शाळेला जायचे. स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, ते वळले सैन्यात भरती झाल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. या मातीत पळणारे पाय आहेत, हे सिद्ध करायची गरज आता उरलेली नाही. ते पाय बाराव्या-तेराव्या वर्षी, वाढीच्या वयात, गुडघे दुखायला लागतात तेव्हा कुणाच्या हाताखाली असतात, याची मला काळजी वाटते. त्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखत असताना "नाटकं करू नको, पळ" म्हणणारा माणूस भेटला तर पोर खेळ सोडतं. उड्या कमी करून, दुखणं समजून घेऊन थांबवणारा भेटला तर ते टिकतं. तो फरक ज्यांना कळतो अशी माणसं तालुक्या-तालुक्यात हवीत, आणि नोकरी सोडून वर्षभर पतियाळ्याला जाणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून दूरशिक्षण.

परत आलेली असाइनमेंट फाडू नका. उद्याचा सराव झाला की मैदानाच्या कडेला बसा, पोरांना आकडे विचारा आणि वहीचं उजवं पान भरा. असे सहा दिवस. सातव्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा लिहायला घ्या, पुस्तक मिटून, वही उघडी ठेवून. पहिल्या वाक्यात तुमच्या एखाद्या पोराचं वय, ते किती लांबून येतं आणि त्या दिवशी त्यानं कितीचा आकडा सांगितला एवढं येऊ द्या. पुस्तकातली व्याख्या त्यानंतर लिहा. आणि पुढच्या संपर्कसत्राला येताना ती वही पिशवीत घालून आणा.